राजकन्येला थांबायला सांगा

वाळूजचं शेत एमआयडीसीत गेलं, तेव्हा मी औरंगपुऱ्यात व्हिडिओ गेमचं दुकान थाटलं. शेतकऱ्यानं खुर्चीत बसून पोरांची भांडणं सोडवायची, हेच नशिबी होतं. त्यात एक दिवस सोनाजी आला. हा धनगर दर उन्हाळ्यात माझ्या शेतात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप माझ्या रानात, लेंड्यांचं खत मला आणि ज्वारी त्याला. रान गेलं तशी त्यानं मेंढरं विकली. आता तो कंपनीच्या गेटवर शिट्टी फुंकत उभा असायचा.

मी त्याला एका गेमपुढं बसवलं. गेम अगदी साधा. तलवारवाल्यानं उजवीकडं चालत जायचं आणि किल्ल्यातली राजकन्या सोडवायची. सुरुवातीच्या कुरणात कुणीतरी शोभेला मेंढरं काढली होती. सोनाजी थोडा पुढं गेला आणि डावीकडचं एक मेंढरू पडद्याबाहेर राहिलं. तो मागं वळला, पण त्या गेममध्ये पडदा मागं सरकतच नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग तो जो थांबला, तो थांबलाच. पोरं कावली, मीही कावलो. बाबा रे, पुढं जा, राजकन्या वाट बघतीय, असं सांगून माझा घसा बसला.

"तिला थांबायला सांगा," तो म्हणाला. "मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडू?"

तेवढ्यात नामांतराच्या आंदोलनामुळं बाजार बंद होतोय, अशी खबर आली. क्रांती चौकाकडून शटरं पडत आली. पोरं पळाली. मी गेम बंद करायला बटणाकडं हात नेला, तर सोनाजीनं माझं मनगट धरलं. बंद केलं की कळप जाणार, हे पोरांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

मला भयंकर राग आला. खोट्या मेंढरांपायी माझं दुकान फुटायचं! मी तोंड उघडणार, तोच त्यानं मनगट सोडलं, कंपनीची टोपी काढली आणि पूर्वी बांधावर उभा राहायचा तसा अदबीनं उभा राहिला.

"नाना, दिस कलला. तुमच्या रानात बसवू का?"

रान म्हणे! पण जमीन गेल्यापासून मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"बसव," मी म्हणालो.

टीव्ही चालू ठेवला. सोनाजी राखणीला आतच राहिला, मी बाहेरून शटर ओढलं. घरी जाऊन बायकोला, आवडाबाईला, ज्वारी काढायला सांगितली. विकतची ज्वारी आता कुणाला वाटायची, असं ती फणकारली.

आपल्या रानात मेंढरं बसलीत, मी सांगितलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि सूप भरलं.