सातव्या ओळीतली पाल

"मावशी, या पालीची अंडी नेमकी कुठं असतात?"

ऋतुजा मॅडमनी वही मांडीवर घेतली आणि जयवंताने हातातला ब्रश बादलीत ठेवला. बावीस वर्षं ती बोरगावच्या या संत्राबागेत बुंध्यांना बोर्डो मलम लावत होती. मोरचूद आणि चुन्याच्या त्या निळसर लेपाने तिची नखं पार खाऊन टाकली होती. एवढ्या वर्षांत 'हात चालव' यापलीकडे तिच्याशी कोणी बोललं नव्हतं, विचारणं तर दूरच.

"सालीच्या भेगीत," ती म्हणाली. "दोन-दोन, चिकटवून ठेवते. सकाळी नराचा गळा हळदीवानी पिवळा रायते, पाठ हिरवी. ऊन चढलं का सालीवानी मातकट होते. घरच्या पालीवानी नाई जी ही. जमिनीवर उतरतच नाई."

मॅडम भराभर लिहून घेत होत्या. नागपूरच्या कॉलेजातून त्या पाली शोधत हिंडत होत्या. ही जात अजून कोणी नोंदवलेली नसेल कदाचित, म्हणाल्या. सोमवारी कॅमेरा घेऊन येते, तोवर सांभाळा.

जयवंता हरखून गेली आणि त्या भरात बागमालक वीरेंद्रलाही सांगून बसली. आपल्या बागेत नवलाचं काही निघालं म्हणजे मालकाला कौतुक वाटेल, असं त्या भोळीला वाटलं.

वीरेंद्रने शांतपणे ऐकून घेतलं. "जंगलवाल्यायले कळलं त फवारा बंद करतीन. झाडाले हात लावू देणार नाई. समजून राहिली का तू?"

"भाऊ, बारकीशी पाल हाय ते. कोणाचं काय खाऊन राहिली?"

"कोन्त्या झाडायवर हाय?"

"सातव्या ओळीत. पाच झाडं."

"मंग तिथं मलम तूच लाव, पार भेगीच्या आत. भेगा तुलेच ठाऊक. एक जरी पाल राहिली त उद्यापासून येऊ नको. सुनेलेही आणू नको."

सून अलका शेजारच्या ओळीत खाली मान घालून ब्रश फिरवत होती. घर या दोघींच्याच हातांवर चालत होतं.

एरवी जयवंता या पाच झाडांच्या भेगा हळूच सोडून लेप लावायची. आज तिने तो बोटाने आत दाबला. आत अंडं फुटलेलं बोटाला कळलं. एक नर वर पळाला, तेव्हा वीरेंद्रने फांदी हलवून त्याला पाडलं आणि बुटाखाली घेतलं. तुटलेली शेपूट बराच वेळ वळवळत होती.

"अजून?" त्याने विचारलं.

जयवंताने एकूण एक भेग दाखवली.

सोमवारी मॅडम तीन तास शोधत राहिल्या. वीरेंद्रने त्यांना सावलीत खुर्ची टाकून दिली, चहा पाजला.

"मावशी, तुम्ही स्वतः पाहिल्या होत्या ना?"

वीरेंद्र तिथंच उभा होता. "नाई जी," जयवंता म्हणाली. "लोकायचं ऐकून सांगतलं. मले कुठं काय समजते."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या "असू द्या" म्हणाल्या आणि वहीतल्या त्या दिवशीच्या दोन पानांवर तिरकी रेघ ओढली. जयवंताला वाचता येत नव्हतं, पण रेघ कशावर ओढली ते कळलं. तिने बादली उचलली आणि आठव्या ओळीकडे गेली.