नव्वद दिवस

प्राध्यापकांनी अर्ध्या पानाचा अहवाल उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. कोऱ्या कागदातही कुणी काही लपवलं असेल, सांगता येत नाही. माहिती सुरक्षा शिकवण्यात सोळा वर्षं गेली की माणूस असा होतो.

वर्गाला दिलेला प्रकल्प साधा होता: माझ्याबद्दल इंटरनेटवर उघड्यावर जे जे सापडेल ते आणा. काही फोडायचं नाही, कुणाचा पासवर्ड चोरायचा नाही, सगळ्या जगाला दिसतं तेवढंच गोळा करायचं. प्रकल्प देताना ते जरा मिजाशीतच होते. आपण कुठे माहिती सांडत नाही याची त्यांना खात्री होती, आणि बहुतेकांना फारसं सापडलंही नव्हतं. एकानं त्यांच्या जुन्या सायकलचा रंग शोधला होता, एकीनं मेहुण्याच्या दुकानाचा पत्ता.

हे अर्धं पान मात्र मुंगीचं होतं. मुंगी हे नाव वर्गानं ठेवलेलं. साखरेचा कण कुठल्याही फटीत असो, ती तिथवर पोचायचीच. आजवर तिचा एकही अहवाल वीस पानांच्या आत आला नव्हता. आणि आता जेमतेम नऊ ओळी. शेवटची ओळ होती, 'याहून अधिक नोंदवण्यासारखं काही नाही.'

सापडलं नाही, असं तिनं लिहिलं नव्हतं. प्राध्यापकांनी 'नोंदवण्यासारखं' या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ ओढली.

"सवय मोडली की समजा, काहीतरी शिजतंय," असं ते दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. रोज दहाला येणारा कारकून एखाद्या दिवशी सातला आला, तर त्याला चहा जरूर पाजा, पण त्याच्या मशीनवर डोळा ठेवा. मुलं हसत. ते हसत नसत.

दुपारभर त्यांच्या डोक्यात तोच भुंगा होता. हिला काय सापडलं? कुणाला दिलं? पुढच्या महिन्यात संशोधनाच्या जागेसाठी तिला त्यांचं शिफारसपत्र लागणार होतं. त्या वेळेसाठी हातचं राखून तर ठेवलं नसेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पहारेकऱ्याच्या मनात तर बारा महिने पौर्णिमाच असते.

प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर कोण काय उघडतं त्याची नोंद राहायची. तशी पाटीच भिंतीवर लावलेली होती, त्यांच्या सहीची. मात्र ती नोंद बघायची तर आधी वहीत कारण लिहावं लागे. हा नियमही त्यांचाच. त्यांनी वही ओढून गुरुवारची तारीख घातली, वेळ घातली, आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'शंका'.

मुंगी सोमवारी दुपारी कामाला बसली होती. ती जिथे जिथे गेली तिथे तिथे ते तिच्या मागोमाग जाऊ लागले. विद्यापीठाचं पान. मेहुण्यानं टाकलेला त्यांच्या लग्नाचा फोटो, सहा वर्षांपूर्वीचा. बायको शिकवते त्या शाळेचं पान. शाळेच्या प्रदर्शनात बायकोनं विणलेली निळी शाल, आणि फोटोखाली तिनं घेतलेलं टोपणनाव: उलटा टाका.

हे टोपणनाव प्राध्यापकांनी कधी ऐकलं नव्हतं.

मुंगीनं ते शोधून पाहिलं होतं. बायका एकमेकींशी बोलतात अशा एका संकेतस्थळावर ते आणखी एकदा सापडत होतं. ते पान तिनं अकरा मिनिटं उघडं ठेवलं होतं, मग तिथूनच एक निरोप पाठवला होता. त्यानंतर तिनं काहीच शोधलं नव्हतं.

प्राध्यापकांनी ते पान उघडलं. 'हा मजकूर लेखिकेनं सोमवारी काढून टाकला आहे.' पण इंटरनेटला विसरायला वेळ लागतो. टोपणनाव शोधल्यावर येणाऱ्या पानांच्या यादीत पहिल्या काही ओळी अजून शिल्लक होत्या.

'सहा वर्षं झाली. रोज रात्री दाराचं कुलूप दोनदा ओढून बघतो, मग माझा फोन बघतो. मी काहीही चोरलेलं नाही. जिची किल्ली फक्त माझ्याकडे असेल, अशी भाड्याची खोली कुणाला…'

पुढचं तुटलं होतं. काढलेल्या पानांच्या प्रती कुठे साठून राहतात, हे त्यांना पाठ होतं. शिकवतच होते ते. बाकीचं सगळं एका टिचकीवर होतं. माउसवर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि मुंगीला बोलावून घेतलं.

ती येऊन टेबलासमोर उभी राहिली. टेबलावर तिचं अर्धं पान होतं आणि शेजारी नोंदीची वही, उघडी. तिनं आधी वही बघितली.

"बस."

"उभीच बरी आहे, सर."

"वीस वीस पानं लिहिणारी तू. हे काय आहे?"

"मार्क कापा, सर. माझं काही म्हणणं नाही."

"मी मार्कांचं विचारत नाहीये. निरोपात काय लिहिलंस?"

मुंगीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"एवढंच, की दोन ठिकाणी एकच टोपणनाव वापरू नका. मला सापडलात म्हणजे सापडू नये त्यालाही सापडाल. मी कोण, कुठली, ते नाही सांगितलं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्हीच शिकवलंत, सर. भगदाड सापडलं तर गावभर बोभाटा करायचा नाही. आधी ज्याचं घर आहे त्याला सांगायचं, डागडुजीला नव्वद दिवस द्यायचे, आणि तोवर तोंड उघडायचं नाही."

"घर माझं आहे," प्राध्यापक म्हणाले.

"मला तसं नाही वाटलं, सर."

हे ती इतक्या हळू बोलली की आपल्याला राग आलाय हे कळायलाही त्यांना क्षण लागला. मग त्या रागाच्या पाठोपाठ लाज आली, आणि ती काही केल्या जाईना.

"तू सगळं वाचलंस ना? पुढे काय लिहिलं होतं तिनं? खोली मिळाली?"

मुंगीनं मान हलवली. त्यातून ना हो कळलं, ना नाही.

"नव्वद दिवस झाले नाहीत, सर."

ती गेल्यावर त्यांनी ती यादी बंद केली. जुनी प्रत शोधली नाही. मग कॉम्प्युटर बंद केला. सोमवारपासून तीन दिवस गेले होते.

रात्री ते घरी आले तेव्हा बायको खिडकीशी विणत बसली होती. फोन तिच्याशेजारी पडलेला. प्राध्यापकांनी दार लावलं, कुलूप घातलं, एकदा ओढून पाहिलं.

सुया थांबल्या.

सहा वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांदा कुलूप वाजेपर्यंत ती टाका अडवून धरते, आणि ते वाजलं की मग पुढे विणते. त्यांचा हात सवयीनं पुन्हा कुलपाकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला, चपला काढल्या आणि खुर्चीत येऊन बसले. फोनकडे बघायचं नाही असं ठरवून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

सुया अजून थांबलेल्याच होत्या.

"आज एकदाच?" बायकोनं विचारलं.

"हो. लागलंय नीट."

ती त्यांच्याकडे बघू लागली. सवय मोडलेल्या माणसाकडे मुलांनी असं बघायला शिकावं, असं कारकुनाची गोष्ट सांगताना त्यांना दरवर्षी वाटे.

"का?" ती म्हणाली, आणि त्यांच्यावरची नजर न काढता तिनं फोन उचलून लोकरीच्या गुंड्याखाली सरकवला.