हात वर झाला नाही

धुडकूने वाल बदलला आणि गाडी जास्तच बिघडली. आधी निदान धूर ओकत का होईना चालत होती. नवा वाल बसल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन क्षणभर आवंढा गिळायचे, विचारात पडायचे आणि मग नाइलाजाने ओढायचे. धूर परत इंजिनात फिरवणारा मुठीएवढा वाल तो, पण चार दिवसांत त्याने धुडकूच्या नाकी नऊ आणले.

गाडी सुरतजवळच्या सचिन गावातल्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलची, चौदा वर्षांची. सुरतेतल्या लिंबायत वस्तीतून कोरे कापड उचलायचे आणि मिलवर टाकायचे, बारा वर्षे धुडकूचे हेच काम. शेठ म्हणाले होते, शुक्रवारी भरलेली गाडी पूल चढली तर ठेवू, नाहीतर भंगारात. मग कंत्राटदाराची नवी गाडी येणार, आणि कंत्राटदार ड्रायव्हरचे कान तपासून घेतो. धुडकूला धास्ती होती ती या तपासणीची. त्याआधीची बावीस वर्षे कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात उभे राहून त्याचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणे ओळखायचा, फोन बायको घ्यायची, आणि गाडी आरशांच्या भरवशावर चालायची. मिलमध्ये कोणाला पत्ता नव्हता. हे बरोबर नाही, हे त्यालाही कळत होते. पण छप्पन्नाव्या वर्षी दुसरे काम देणार कोण?

त्याने हवेचा फिल्टर झाडला, त्यातून लूमच्या रुईचा लगदा निघाला. डिझेलचा फिल्टर नवा घातला. वायरींचे जोड पुसले. शेवटी चिडून जुना वाल परत बसवला, तरी तीच उचकी. म्हणजे दोष वालाचा नव्हता, काढता-घालताना शेजारचे काहीतरी दुखावले होते. इथपर्यंत त्याचे डोके चालले, पुढचे काम मात्र कानांचे होते. इंजिन रेस करायचे आणि हवा कुठून सुटते ते ऐकायचे, बस. धुडकूने पाइपांवरून हात फिरवला, गाल जवळ नेला, पण पंख्याच्या वाऱ्यापुढे काही कळेना.

गुरुवारी साडीला लेस लावता लावता त्याच्या बायकोने, सरलाबाईने, मान वर केली आणि सावकाश म्हणाली, "उखा मिस्तरीले दखाडी दे ना."

"उखाना तोंडमा तीळ भिजस का?" धुडकू म्हणाला. "तो इचारी, तुले ऐकू येत नही का. मंग सांजलोंग मिलमा सगळासले समजी."

ती पुन्हा सुईकडे वळली.

शुक्रवारी सकाळी मिलच्या यार्डात भूपेंद्र आला. माल रवाना करायचे काम त्याच्याकडे. मूळ शिरपूरकडचा, पण सुरतेत शिकलेला, लूमवर एक दिवसही उभा न राहिलेला. गाडी सुरू होताच तो म्हणाला, "काका, ही शिट्टी कसली वाजते?"

"तेच शोधतोय," धुडकू म्हणाला.

"तुम्ही हळूहळू रेस द्या. मी बघतो."

धुडकू आत बसला. उघडलेल्या बॉनेटखालच्या फटीतून त्याला भूपेंद्रचा शर्ट तेवढा दिसत होता. लूमच्या खात्यात तोंडाने सांगितलेले कोणी धरत नाही. हात वर झाला की थांबवायचे, हात वर नाही तर चालू ठेवायचे. बावीस वर्षांची ती सवय. धुडकू फटीवर नजर रोखून दाबत राहिला.

भूपेंद्रला फाटलेला पाइप सापडला. तो म्हणाला, "बस, बंद करा." मग ओरडला, "काका, बंद करा." पण त्याची बाही इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेली होती, हात वर होणार कसा? धुडकूने आणखी थोडे दाबले.

वॉचमनने धावत येऊन किल्ली फिरवली. शर्टाची बाही कोपरापर्यंत फाटली होती, मनगटाची साल निघाली होती. भूपेंद्र पांढराफटक पडला होता. धुडकू खाली उतरला. भूपेंद्र त्याच्या पाठीमागे गेला, थोडा वेळ तिथे थांबला आणि मग समोर आला.

"काका, मी आत्ता मागून काय म्हणालो?"

"हो," धुडकू म्हणाला. हो म्हणायचा त्याला सराव होता.

भूपेंद्रने तोंड धुडकूसमोर आणले आणि एकेक शब्द सुटा करून बोलला. "मला शेठना सांगावं लागेल. उद्या गाडी मागे घेताना कोणी ओरडलं तर?"

पाइपाला खालच्या बाजूने बोटभर चीर होती, धुडकूनेच तो ओढून बसवताना पडलेली. नवा पाइप त्याने अर्ध्या तासात बसवला. त्याच दुपारी गाडी भरलेल्या मालासकट पूल चढली, पण ती चालवत होता मिलचा दुसरा ड्रायव्हर आनंदा. भंगारातून गाडी वाचली, धुडकू नाही.

सोमवारी तो दारात बसला होता. सरलाबाईचा लेस लावणारा हात मध्येच थांबला, ती रस्त्याकडे बघू लागली.

"काय?" त्याने विचारले.

"काही नही."

त्याने मान वळवली. गल्लीच्या तोंडाशी कापड उचलायला आलेली तीच गाडी वळत होती, धुराचा मागमूस नव्हता. आपण दुरुस्त केलेली गाडी, आणि तिचा आवाज आपल्याला कधीच कळणार नाही.

"चांगली ओढी ऱ्हायनी का?"

त्याला ओठ दिसावेत म्हणून तिने चेहरा त्याच्याकडे केला.

"हाव," ती म्हणाली. "एकदम साफ."