चालू कॉल

“मशीन बंद पडलं, तर बोलणाऱ्याचं काय?” अण्णांनी बशी खाली ठेवत विचारलं.

“पुन्हा लावेल तो फोन,” सोनिया लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली.

“लागंल? गंगापूरकडं आठ-आठ दिवस टँकर नाय. शंभरदा लावल्यावर लागला, आन् गावाचं नाव सांगायच्या आतच कट?”

दुष्काळात टँकरच्या तक्रारींसाठी मोठी हेल्पलाइन इंटरनेटवरून चालणार होती. एका फोनचा आवाज घेऊन दुसऱ्या फोनला पोचवणारं मधलं सॉफ्टवेअर सोनियानं निवडायचं होतं. शेवटी दोन उरली होती. पहिलं एका सर्व्हरवर दुप्पट कॉल पेलायचं. दुसरं कमी पेलायचं, पण सर्व्हर बंद पडला तरी चालू कॉल शेजारच्या सर्व्हरवर सरकवायचं. तिचा कल पहिल्याकडे होता.

अण्णा म्हणजे सोनियाचे वडील, बद्रीनाथ लाइनमन. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं. तार तोडण्याआधी ते टेस्टिंगचा फोन जोडून ऐकत. कुणी बोलत असेल तर खांबावरच थांबत. वेरूळला एकदा पाऊण तास थांबले. साहेबानं झापलं, तेव्हा म्हणाले, “पोरगी सासरहून रडत व्हती, साहेब. कसं तोडू?”

“तुमचे खांब वेगळे, अण्णा. इथं हजारो कॉल असतात.”

“असतील. पर ज्याचा तुटला, त्याचा येकच व्हता ना!”

तिनं त्यांच्या मोबाइलवर चाचणीचं ॲप टाकलं. “अकराला फोन लावा आणि नुसतं बोलत राहा.”

“कुणासंगं?”

“माझ्याशी.”

“आरं वा! बापाशी बोलाया कंपनीचं काम लागतंय व्हय!”

ती ऑफिसात पोचली आणि अकराला फोन आला. गारखेड्याच्या गल्लीत टँकर आला होता आणि शेजारच्या आवडाबाईनं नंबरावरून सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. अण्णा रंगून सांगत होते. सोनिया एका कानानं ऐकत होती. तेवढ्यात तिचे वरिष्ठ हिमांशू सर डोकावले. “पहिल्या सॉफ्टवेअरची, सर्व्हर रीस्टार्ट करायची चाचणी राहिली ना? उरकून टाक. बाराला मीटिंग आहे.”

स्क्रीनवर आकडा होता : चालू कॉल, एक.

“सोने, तुझी आई असती ना, तर तिनं त्या आवडाबाईला...”

तिनं रीस्टार्टचं बटण दाबलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर ऐकू, असं तिला वाटलं. दोनला आवडाबाईचा फोन आला. अण्णा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते. नंतर नोंदी चाळताना दिसलं, त्यांनी तीनदा परत फोन लावला होता. सर्व्हर तेव्हा अजून सुरू होत होता.

“शेवटचं काही बोलणं झालं का गं?” भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा. ती सांगायची, “बोलत होते, पण कॉल आपोआप कट झाला.” आणि उठून उगाच स्वयंपाकघरात जायची, गॅलरीत जायची, परत यायची.

तेराव्यानंतर ती कामावर रुजू झाली. दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं, एवढंच तिनं कळवलं होतं. हिमांशू सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ती बसली, उठली, खिडकीशी गेली.

“पाच सर्व्हर जास्त लागतील,” ते हळू आवाजात म्हणाले. “वरचे विचारणार. कारण काय लिहू?”

तिच्या हातात दोन्ही सॉफ्टवेअरच्या तुलनेचा तीन पानांचा तक्ता होता. तिनं तो टेबलावर पालथा ठेवला.

“सर, त्या दिवशी कॉल आपोआप तुटला नव्हता. स्क्रीनवर एक कॉल चालू दिसत होता. अण्णा बोलत होते. मला ऐकू येत होतं. मी तोडला.”