कापलेल्या मुसकीचं म्हणणं

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला कोणाची कीव नको. मी जुनी आहे, मधोमध कापलेली आहे, आणि माझ्या उरलेल्या तुकड्यानं आता कशाचंही तोंड बांधता येत नाही. मला कापलं ते झकास झालं. ज्या बाईनं कापलं तिची पाठ मी थोपटली असती, पण मला हात नाहीत.

मुसकी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. बैल शेतात डवऱ्याला, म्हणजे तण काढायच्या अवजाराला, जुंपला की त्याच्या दोन्ही अंगांना कोवळी कपाशी असते. बैलच तो, जाता जाता मान वळवून घास मारणारच. म्हणून त्याच्या तोंडावर दोरीची जाळीदार टोपली चढवतात. ती मी. पेपरात चोरांच्या मुसक्या आवळल्याच्या बातम्या येतात. मी आयुष्यात एकही चोर पाहिला नाही.

माझा जन्म सिंदी रेल्वे या बाजारगावाजवळच्या एका खेड्यातला. बंडूजी नावाच्या शेतकऱ्यानं मला विणलं. बांधावरची अंबाडी कापून त्यांनी भिजवली, सोलली, तिचा वाख काढला, मांडीवर दोरी वळली आणि गोठ्यात बसून एकेक गाठ मारली. घाई अजिबात नाही. त्यांची वीण अशी की बैलाला पीक ओरबाडता येऊ नये, पण श्वासाला कुठे अडचण होऊ नये. गावातले लोक मला हातात घेऊन फिरवून बघत आणि म्हणत, "बंडूजी, तुमच्या हाताले तोड नाई." ते ऐकून बंडूजी खाली बघत आणि मी मात्र चांगलीच फुगत असे.

कितीतरी हंगाम मी कपाशीच्या ओळींतून फिरले. मग बंडूजींनी कपाशी कमी केली आणि वांगी, पालक, सांभार लावायला सुरुवात केली. सांभार म्हणजे कोथिंबीर बरं का, इडलीबरोबरचं नव्हे. बैल विकले गेले. कामाला ट्रॅक्टर येऊ लागला, आणि ट्रॅक्टरला काही खायचं तोंड नसतं. मला गोठ्यातल्या खुंटीवर टांगलं. माझ्यात कोळ्यांनी जाळी केली. तेव्हा मला वाईट वाटलं, हे कबूल करते. कामाच्या वस्तूला रिकामं लटकणं सोसत नाही.

भाजीच्या वाडीत रात्री रोही म्हणजे नीलगायी शिरत, डुकरं तर सगळा वाफाच उलटा करत. म्हणून बंडूजींनी एक पिल्लू आणलं. मातकट रंगाचं होतं, म्हणून त्याचं नाव भुऱ्या. पिल्लू असताना ते बंडूजींच्या पत्नीच्या, वच्छलाबाईंच्या, लुगड्याचा काठ धरून घरभर फिरायचं. मोठं झाल्यावर बंडूजींनी त्याला अंगणात, थेट रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली साखळीनं बांधलं. दिवसभर तिथे आणि रात्री वाडीत.

"दिवसा बांधला म्हणजे रातच्याले कडक राह्यते," ते म्हणत.

"कडक नाई, चिडका होऊन राह्यला तो," वच्छलाबाई म्हणत. "येणारा जाणारा त्याले दगड दाखवते. त्यानं पळावं तं कुठं पळावं?"

बंडूजी ऐकून घेत आणि सोडून देत. माणूस वाईट नव्हता, हेकट होता. मला विणणाऱ्या हातांबद्दल यापेक्षा जास्त मी बोलणार नाही.

व्हायचं ते झालंच. शेजारी ताराचंद राहतो. त्याचा मालवाहू ऑटो आहे, बंडूजींची भाजी तोच सिंदीच्या बाजाराला नेतो. त्या सकाळी भुऱ्या खाली मान घालून जेवत होता. वांग्यांची पाटी त्याच्या पलीकडे ठेवलेली होती. ताराचंदनं वळसा घालायचा कंटाळा केला आणि भुऱ्याच्या डोक्यावरून हात लांबवून पाटी उचलायला गेला. भुऱ्या आधी गुरगुरला. ताराचंदनं त्याला "हाड" म्हटलं आणि हात तसाच पुढे नेला. भुऱ्यानं मनगट धरलं. रक्त निघालं.

बंडूजी घरातून जखमेवर चोळायला मिरचीची पूड घेऊन धावले, आपल्याकडे अशीच खुळचट पद्धत आहे. वच्छलाबाईंनी तो डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, ताराचंदला नळावर ओढत नेलं आणि साबण लावून जखम धूत राहिल्या. तो ओरडत होता, त्या धूत होत्या. मग त्यांनी त्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात इंजेक्शनला पाठवलं आणि वर बजावलं, "एक घेऊन बसजा नोका, भाऊ. जेवढे सांगतीन तेवढे सारे घेजा."

संध्याकाळी ताराचंद हाताला पट्टी बांधून आला. चार माणसं सोबत होती. तो म्हणाला, "बंडूजी, पोत्यात घाला अन् नदीपल्याड सोडून या. नाई तं त्याचं तोंड बांधा. दोन्ही नसन करत, तं मी तुमची भाजी उचलत नाई."

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. हात त्याचा होता, दुखणं त्याचं होतं. पण पोत्यात घालून सोडलेलं कुत्रं कुठे जातं? ते दुसऱ्या गावात उपाशी फिरतं, तिथल्या कुत्र्यांकडून फाडून घेतं, नाहीतर रस्त्यावर मरतं. बंडूजींना ते नको होतं. त्यांनी खुंटीकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी मी खाली उतरले.

"बैल काय अन् कुत्रा काय," ते म्हणाले, "तोंड तं तोंडच हाये."

"अजी, बैल नाकानं दम घेते," वच्छलाबाई म्हणाल्या. "हा जीभ बाहेर काढून घेते. तुमाले दिसत नाई का?"

"तू मले जनावरं शिकवून राह्यली?"

झालं. त्यांनी मला दोन्हीकडून आवळलं, भुऱ्याच्या निमुळत्या तोंडाला घट्ट बसावं म्हणून वरून सुतळीचे वेढे दिले आणि मानेमागे निरगाठ मारली. भुऱ्या जबडा एवढासाही उघडू शकत नव्हता. मित्रांनो, मी त्या वेळी ओरडले. माझी वीण सैल असते म्हणून मी मुसकी आहे, आवळलेली मी फास आहे. पण दोरीचं ऐकतो कोण?

त्यातून महिना मे. आमच्याकडचा मे तुम्हाला सांगायला नको. ताराचंदचा हात दुखत होता, म्हणून सकाळी बंडूजी दुसऱ्याच्या गाडीनं भाजी घेऊन बाजाराला गेले. वच्छलाबाई वाडीत पाणी द्यायला गेल्या. लिंबाची सावली आधी भुऱ्याच्या अंगावर होती, मग हळूहळू ती भिंतीकडे सरकत गेली. सावलीला साखळी नव्हती, भुऱ्याला होती. कुत्र्याला तुमच्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर फेकतो. ती जीभ मी आत दाबून धरली होती. ती माझ्या दोऱ्यांना ढकलत होती आणि मला हलता येत नव्हतं. पुढ्यात पाण्याचं भांडं भरून ठेवलेलं, आणि पिता येत नाही. लाळ गळून मी चिंब झाले, आणि ओली अंबाडी आणखीच घट्ट बसली. आधी तो पंजांनी मला ओरबाडत होता, ते मला बरं वाटत होतं. मग त्यानं ओरबाडणं सोडलं आणि तो कुशीवर कलंडला. तेव्हा मी घाबरले.

वच्छलाबाई परत आल्या त्या हातात विळा घेऊनच. त्यांनी भुऱ्याला पाहिलं, हाक मारली. त्यानं मान उचलली नाही. त्यांनी निरगाठ सोडून पाहिली, ती फुगली होती.

ताराचंद आपल्या ओट्यावर बसला होता. तो तिथून म्हणाला, "वैनी, कापजा नोका. चावन तो."

"चावला तं मले चावन," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमी बसा तिथं."

आणि त्यांनी विळ्याचं पातं माझ्या आणि त्याच्या गालाच्या मधे सरकवलं आणि बाहेरच्या बाजूला ओढलं. सुतळी तुटली, मग मी तुटले. मला मुळीच दुखलं नाही, उलट मीही त्या दिवशी पहिल्यांदा श्वास घेतला.

पुढचं सगळं मी जमिनीवर पडून पाहिलं. त्यांनी साखळी काढली, त्या धुडाला कवेत घेतलं आणि सरळ घरात नेलं. बंडूजींच्या घरात कुत्र्यानं उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम होता. वच्छलाबाईंनी तो नियम ओलांडला आणि भुऱ्याला थेट कूलरसमोर निजवलं, जिथे दुपारी बंडूजींची खाट असते. दार उघडंच होतं. त्यांनी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि त्या सांगतील तसं करत गेल्या. साधं पाणी पोटावर, काखेत, पंजांवर. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागेल.

दारात ताराचंद येऊन उभा राहिला होता. "बरफ आणू काय?" त्यानं विचारलं.

"बरफ नाई पाह्यजे. बादली भरून आणा. एका हातानं जमते ना?"

त्यानं एका हातानं बादली आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. भुऱ्याची जीभ आधी जांभळट झाली होती, ती लाल दिसू लागली. मग त्यानं शेपटी एकदा जमिनीवर आपटली. वच्छलाबाई तिथेच भिंतीला टेकल्या आणि रडल्या, आणि ताराचंद बादली घेऊन उगाच बाहेर गेला. थोडं सावरल्यावर भुऱ्याला त्याच्याच ऑटोत घालून डॉक्टर मॅडमकडे नेलं. ऑटो वच्छलाबाईंनी मागितला नव्हता.

बंडूजी परतले तेव्हा भुऱ्या दवाखान्यातून येऊन घरात झोपला होता. त्यांची नजर आधी माझ्यावर पडली. दोन्ही तुकडे त्यांनी उचलले.

"माही मुसकी कोणं कापली?"

"मीनं कापली," वच्छलाबाई म्हणाल्या. "अन् आता आयका. याले पुन्हा मुसकी नाई अन् पोतंबी नाई. रस्त्यावरची साखळी उद्या निघन. मांगच्या आंगणाले जाळीचं कुंपण करा, तो तिथं मोकळा राहीन. तो जेवते तवा कोणं हात नाई घालाचा, मंग तो कोणीबी असो. त्याले सुई दिली हाये मॅडमनं, दरसाल द्या लागते, ते तुमाले याद ठेवा लागन. हे जमत नसन तं सांगा, मी त्याले घेऊन माह्या भावाकडं तळेगावले जातो."

बंडूजी खाटेवर बसले. त्यांनी भुऱ्याच्या तोंडावरचे माझे वळ पाहिले. गालावरचे केस गेले होते आणि कातडी लाल झाली होती. मग उठले, गोठ्यात जाऊन मला परत खुंटीला अडकवलं आणि कुंपणाचे खांब शोधू लागले. सॉरीबिरी म्हणणं त्यांच्या घराण्यात नाही.

नंतरचे दिवस मजेचे होते. वच्छलाबाई पोळीचा तुकडा मुठीत धरून म्हणायच्या, "बस." भुऱ्या बसला की लगेच तुकडा मिळायचा. मारणं नाही, ओरडणं नाही. बंडूजींनीही करून पाहिलं. त्यांचं "बस" म्हणजे शिवारात हाक घालावी तसं, भुऱ्या घाबरून वच्छलाबाईंच्या मागे लपायचा. "हळू बोला जी, तो बहिरा नाई," त्या म्हणायच्या. बंडूजी शिकले. शिकायला भुऱ्यापेक्षा जास्त वेळ त्यांनीच घेतला. दवाखान्यात न्यायला डॉक्टर मॅडमनी एक जाळी दाखवली, कुत्र्यासाठीच बनवलेली, जिच्यात तो जबडा उघडतो, धापा टाकतो, पाणीही पितो. तीही थोडा वेळच घालायची. मला तिचा हेवा वाटत नाही. ज्याचं काम त्यानं करावं.

ताराचंद पुन्हा भाजी उचलू लागला. सकाळी तो कुंपणापाशी येऊन विचारतो, "जेवला काय हा?" नसेल जेवला तर बिडी पेटवून उभा राहतो. गावातली माणसं त्याला हसतात. तो हसू देतो.

आज भैय्याजी आले. वरच्या आळीत राहतात, त्यांनी नवा कुत्रा आणलाय, चांगला दांडगा. म्हणाले, "बंडूजी, लय भुंकून राह्यला. शेजारी कटकट करतेत. तुमची ते बैलाची मुसकी द्या ना, सांधून घेतो मी."

बंडूजींनी मला खुंटीवरून काढलं. माझे दोन्ही तुकडे हातात घेऊन ते उभे राहिले. मी मनात म्हटलं, आता हे मला सांधतील. हात तर त्यांचेच आहेत, एका बैठकीचं काम.

"भैय्याजी, तो भुंकते काऊन, ते पाह्यलं काय?" त्यांनी विचारलं. "बांधून ठेवला असन."

"बांधूनच ठेवा लागते ना."

"मंग पह्यले एक करा. तुमी तोंडाले फडकं आवळा अन् दुपारभर उन्हात बसा. तुमाले जमलं तं मी स्वता नवी विणून देतो."

भैय्याजी चिडले. घरातलं कुत्रं डोक्यावर बसवलंय, बायकोच्या तालावर नाचताय, असं बरंच काही बोलले. बंडूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगणातल्या चुलीपाशी गेले आणि माझा एक तुकडा भैय्याजींच्या डोळ्यांदेखत आत टाकला. अंबाडी वाळली की भुरकन पेटते. दुसरा तुकडा बंडूजींच्या हातात राहिलाय, तो बोलतोय तुमच्याशी. लवकर बोलते, कारण तोही आत जाणार आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याला सावली द्या, पाणी द्या, सुई द्या, शांतपणे जेवू द्या, आणि ते गुरगुरलं तर आपण काय चुकलो ते बघा. एवढं जमत नसेल तर कुत्रं आणू नका. आणलंच, आणि पुढे कधी त्याचं तोंड आवळायला दोरी शोधत तुम्ही बंडूजींच्या दारी आलात, तर इथे तुम्हाला राख मिळेल.