सोळा लेखण्यांची मशीन

मित्रांनो, माझ्या तारा तुमच्या डोक्याला कधी लागल्या नसतील तर बरंच आहे, आणि पुढेही लागू नयेत. मी रुग्णालयातली मेंदूच्या लहरी टिपणारी मशीन. आता कोठारात, मोडक्या खाटा आणि सलाइनचे गंजके स्टँड यांच्या शेजारी पडून असते. माझ्या लेखण्यांतली शाई कधीच वाळून गेली.

माणसाच्या मेंदूत सतत अगदी बारीक वीज खेळत असते. डोक्याला चांदीच्या इवल्या वाट्या चिकटवल्या की ती तारांतून माझ्याकडे यायची, आणि माझ्या सोळा लेखण्या सरकत्या कागदावर तिच्या रेघा काढायच्या. मनातलं मला कळत नाही. मेंदू झोपलाय, जागा आहे की हाकेला ओ देतोय, एवढंच माझ्या रेघांवरून जाणत्याला कळायचं.

मला चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाई स्वभावाने मोकळ्या होत्या. टेपने डोकं मोजून पेन्सिलीच्या खुणा करताना त्या मुलांना म्हणायच्या, "हिला सगळं कळतं हं, खोटं बोलायचं नाही!" एक मुलगी फटकन म्हणाली होती, "मग आईला सांगू नका, गणिताच्या वेळी आत काहीच चालत नाही." बाई इतक्या हसल्या की वाटी दोनदा निसटली. तेव्हा माझा थाट काय सांगू! मोठे डॉक्टर पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. बाई रोज मऊ फडक्याने मला पुसायच्या.

माझ्यात एक उणीव मात्र जन्मापासूनची. कुणी हललेलं मला चालत नाही. नुसता जबडा आवळला तरी माझ्या लेखण्या सैरभैर होतात आणि कागदावर नुसत्या गिरगोट्या उमटतात. म्हणून आमच्याकडे रीतच पडली होती, की फार हलणाऱ्या रुग्णाला वॉर्डातूनच गुंगीची सुई देऊन पाठवायचं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहून ठेवणार?

एकदा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना माझ्याकडे आणलं. रस्त्यावर गाडीची धडक बसून डोक्याला मार लागला होता. डोळे उघडे, पण नजर कुठेच ठरत नव्हती. बोलणं नाही, खुणा नाहीत. बरोबर धाकटी बहीण होती. माझ्या रेघांवर बरंच अवलंबून होतं. आत जाग दिसली, तर त्यांना बसायला, गिळायला, खुणेने बोलायला शिकवणाऱ्या विभागात नेणार होते. नाही दिसली, तर मागच्या इमारतीत. तिथे नळीने अन्न द्यायचं आणि कूस बदलायची, एवढंच.

त्यांचा उजवा हात स्वस्थ नव्हता. अंगठा बोटावर घासला जायचा, थांबायचा, पुन्हा घासला जायचा.

"ताई कापड बघतेय हो!" बहीण म्हणाली. "पोत बघताना ती अशीच करायची."

"ते आपोआप होतं," तंत्रज्ञ बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "आणि ही अशी हलत राहिली तर मशीनला काय दिसणार, सांगा? उद्या आणा. मी वॉर्डात सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी ताई अगदी निवांत आल्या. हात चादरीवर उताणा पडलेला.

"आज कशी शहाण्यासारखी पडलीय बघा," बाई म्हणाल्या.

"सुई दिली ना मघाशी," बहीण म्हणाली. "रेघा नीट याव्यात म्हणून."

"हो, ते देतातच."

बाईंनी हाक मारली, टाळी वाजवली, नखावर पेन दाबलं, आणि प्रत्येक वेळी कागदावर तशी खूण केली. सुईची नोंद तेवढी करायची राहून गेली. माझ्या रेघा इतक्या सुबक कधी आल्या नसतील. औषधाने आलेली झोप निराळी ओळखता येते, मित्रांनो, पण कागद वाचणाऱ्याला औषध दिल्याचं माहीत हवं. मोठ्या डॉक्टरांनी तो नंतर आपल्या खोलीत बसून वाचला. "प्रतिसाद नाही," असं त्यांनी सांगितलं, आणि ताईंना मागच्या इमारतीत हलवलं.

वर्षं गेली. एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. मागच्या इमारतीतल्या प्रत्येकाला पुन्हा तपासायचं त्यांनी मनावर घेतलं आणि बजावलं, "सुई कुणालाही द्यायची नाही. हाक घरच्यांनीच मारायची." त्यांनी ताईंना आणवलं. आता सुईची गरजही नव्हती. बोटं तळहातात वळून कडक झाली होती, हलत नव्हती.

धाकटीने कानाशी वाकून सांगितलं, "ताई, उजवा हात उघडतेयस असं नुसतं मनात आण." हाताचा कारभार मेंदूच्या ज्या भागाकडे असतो, तिथल्या माझ्या रेघा मावळल्या, हात हलवायचं मनात आलं की मावळतात तशाच. "आता राहू दे." त्या परत उमटल्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा मावळल्या. एकदा नव्हे, दरवेळी.

"ही ऐकतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही जागी आहे."

धाकटी आनंदाने हसली. मग एकाएकी डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"कधीपासून?"

तंत्रज्ञ बाई माझी वायर उगाच सरळ करत राहिल्या.

"अहो, आम्ही हिच्या पायाशी उभं राहून हिची शिलाई मशीन देऊन टाकायचं ठरवलं. हे म्हणाले, आणखी थोडी वाट बघू. मीच म्हटलं, हिला कशाला लागतेय आता? आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, देवाने हिला सोडवलं तर सगळेच सुटू. मोठ्याने म्हटलं हो मी!"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तेव्हा ऐकू येत होतं की नाही, हे आता सांगता येणार नाही."

ताईंना त्या शिकवणाऱ्या विभागात हलवलं. पण इतकी वर्षं निजून काढलेलं शरीर. छातीत कफ साठला आणि ताप उतरेना. मला एकदा त्यांच्या खाटेपाशीच ढकलत नेलं. तीच बहीण, तीच हाक. सुई दिलेली नव्हती. माझ्या रेघा होत्या तशाच चालत राहिल्या.

"ताई, रागावलीस का गं माझ्यावर?"

कागद सरकत राहिला. त्या दमल्या होत्या, की ओ द्यायची त्यांची इच्छाच उरली नव्हती? माझ्या रेघांतून ते कुणालाही वाचता आलं नसतं. बहीण मात्र माझ्याकडेच बघत होती. थंडी सरायच्या आत ताई गेल्या.

पुढे माझ्या जागी पडद्याची मशीन आली आणि मला इथे आणून ठेवलं. त्याचं दुःख नाही. मला पुसा, जपा, असंही माझं मागणं नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कधी कुणी असं निजून राहिलं, तर त्यांच्या उशाशी बोलताना ते ऐकतायत असं धरून बोला. सकाळ झाली की सांगा, कोण भेटायला आलंय ते सांगा. ओ आली नाही तरी सांगत राहा. आणि त्यांना तपासायला नेतील तेव्हा, कुणी विचारो न विचारो, आधी कोणतं औषध दिलंय ते मोठ्याने सांगा, आणि लिहून घ्यायला लावा.