दोन किलो हवा

मी कडुबाच्या उशापाशी बसलेला सीपॅप बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. मी एक डबा आहे, मला लांब नळी आहे आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. झोपेत ज्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो, त्यांच्या नाकात मी हवा फुंकत राहतो. पाहुणे मला शेगडी फुलवायचा पंखा समजतात, आणि ते मला मुळीच आवडत नाही.

माझे पहिले मालक मधुसूदनराव. सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, क्रांती चौकामागच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे. "मी घोरतो याला पुरावा काय?" असं ते बायकोलाच विचारत. अंबिकाबाई वीस वर्षं हॉलमध्ये झोपत होत्या, तरी मधुसूदनरावांना पुरावा दिसत नव्हता. पहिल्याच सकाळी ते मास्कसकट चहा मागायला स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना पाहून बाईंच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. त्याच दिवशी माझी रवानगी कपाटावर, गणपतीच्या मखराशेजारी झाली. दोन वर्षं मी तिथे धूळ खाल्ली.

मग २०१६ चा उन्हाळा आला. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. इमारती भराभर उठत होत्या आणि नळ कोरडे पडत होते. सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा, तो कडुबा आणायचा. कडुबा मूळचा पिशोरचा, अंगाने आडवा, स्वभावाने गरीब. एका दुपारी हौदात पाइप धरून तो उभ्या उभ्याच झोपला, घोरायलाही लागला. हौद भरून पाणी फाटकाबाहेर वाहिलं आणि लोक बादल्या घेऊन धावले. त्या वर्षी सोनं सांडलं असतं तरी कुणाला एवढं वाईट वाटलं नसतं. टँकरचे मालक तात्यासाहेब यांनी किल्ली काढून घेतली.

"उद्या गाडी चालवताना झोपलास तर माणसं मरतील," ते म्हणाले. "डॉक्टरची चिठ्ठी आण, मग किल्ली."

"असं घोरणं बरं नव्हे," मधुसूदनराव गॅलरीतून गंभीरपणे म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टर हिमानींचा पत्ता दिला. तपासणीत निघालं की झोपेत कडुबाचा श्वास तासाला चाळीस वेळा अडतो. रक्तदाब चढलेला, साखर चढलेली. मधुसूदनरावांनी मोठ्या मनाने मला कपाटावरून काढून त्याला देऊन टाकलं. डॉक्टरांनी नवा मास्क बसवला, हवेचा दाब त्याच्या बेताचा केला आणि बजावलं, "तीन महिने रोज लावायचं. किती तास लावलंत ते याच्या कार्डावर उमटतं. ते पाहून चिठ्ठी देईन."

कडुबाच्या घरी मला मान मिळाला. हवा ओलसर करायला माझ्या पोटात फुलपात्रभर पाण्याची टाकी आहे. त्यांच्या वस्तीत पाणी आठव्या दिवशी यायचं. तरी कडुबाची बायको सुलेखा पाणी उकळून, गार करून आधी माझी टाकी भरायची आणि मग स्वतःच्या चहाचं आधण ठेवायची. मी अगदी भरून पावलो.

पंधरा दिवसांत कडुबा दिवसा जागा राहू लागला. महिन्याने मात्र वजनकाट्यावर तो दोन किलो जास्त भरला.

"ही हवा हाय," तो सुलेखाला म्हणाला. "रातभर भरायलंय हे, अन् निघायला जागा नाय."

"निघती की. मला माहीत हाय," सुलेखा म्हणाली.

ज्याचा जन्म टायरांसोबत गेला, तो दुसरं काय करणार? मला काखेत मारून तो बन्सीच्या पंक्चरच्या दुकानात गेला.

"बन्सीभाऊ, ह्याची हवा जरा कमी कर. मी फुगायलोय."

बन्सीने माझ्या नळीला टायरची हवा मोजायचं मीटर लावलं. काटा हललाच नाही. "अरे, ह्यानं सायकलची ट्यूब बी फुगायची नाय," बन्सी म्हणाला. एवढा अपमान माझा मखराशेजारीही झाला नव्हता. कडुबाला मात्र वाटलं, मीटरच बिघडलंय. अंगातली हवा उतरावी म्हणून त्याने मला आठ दिवस ट्रंकेवर ठेवलं. आठव्या दिवशी तपासणी होती. दवाखान्याच्या बाकावर तो शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपला.

"हे आठ दिवस कोरे का?" डॉक्टरांनी कार्ड पाहून विचारलं. मी घरभेदी ठरलो. काय करू, खोटं बोलायची सोय माझ्यात नाही.

कडुबाने हवेची हकिगत सांगितली. डॉक्टरांनी हसू दाबत कार्ड बाजूला ठेवलं.

"ती हवा नाही," त्या म्हणाल्या. "आधी तुम्ही रात्रभर श्वासासाठी कुस्ती खेळत होता. त्या कष्टात खाल्लेलं थोडंफार जळत होतं. आता कुस्ती थांबली, ताट मात्र पैलवानाचंच राहिलं."

"सहा भाकरी, डॉक्टरीणबाई," सुलेखा म्हणाली. "कालवण येगळं."

"मंग ह्याचा फायदा काय?" कडुबाने विचारलं.

"रक्तदाब उतरलाय. हे लावत होता तोवर दिवसा जागे होता. साखरेवर याचा जोर थोडासाच चालतो, तोही रोज पूर्ण झोपभर लावलंत तर. पोट उतरवणं याचं काम नाही. त्याला भाकरी कमी आणि चालणं जास्त. आठ दिवस बुडवलेत, आता चिठ्ठी एक महिना उशिरा."

कडुबाचा चेहरा पडला. अजून एक महिना टँकरशिवाय. मलाही फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्याने मला एक दिवस सोडलं नाही. भाकरी चारवर आल्या. रोज सकाळी तो बीड बायपासला तात्यासाहेबांच्या आवारापर्यंत चालत जायचा, आपला टँकर लांबून पाहायचा आणि परत यायचा. तीनाचे चार महिने झाले. ते दोन किलो उतरले, साखर जराशी खाली आली आणि चिठ्ठी मिळाली.

पहिली खेप त्याच सोसायटीत होती. कडुबा हौदापाशी डोळे ताणून उभा राहिला आणि थेंबही सांडला नाही. वर गॅलरीत मधुसूदनराव तोंडावर पेपर घेऊन झोपले होते आणि पेपर दर श्वासाला उडत होता.

"साहेब, मशीन परत आणून देऊ का?" कडुबाने खालून हाक मारली.

"कशाला?" साहेब दचकून उठले. "मी घोरतो याला पुरावा काय?"

हे सुलेखाला सांगताना कडुबा पोट धरून हसत होता.

आता मी जुना झालोय. माझ्या नळीला बन्सीने पंक्चरचं ठिगळ लावलंय. माझी विनंती एवढीच, की तुमच्या घरी माझा एखादा भाऊ कपाटावर बसला असेल, तर त्याला खाली काढा. तुमचं पोट तो उतरवणार नाही, पण तुमचा श्वास तो राखेल.

थांबतो आता. सुलेखा माझी टाकी भरायला आलीय, आणि तिचा चहा अजून व्हायचाय.